बालवाडीच्या उंबऱ्यावर अडलेली माती

मुळशी तालुक्यात जून महिना उजाडला की दोन कामांची लगबग एकाच वेळी सुरू होते. पौडच्या पश्चिमेस, धरणाच्या कडेने आणि ताम्हिणी घाटाच्या दिशेने विखुरलेल्या गावांत पहिल्या पावसाबरोबर भाताची रोपे टाकली जातात. पुढे खाचरांत पाणी तुंबले की चिखलणी होते आणि घरातील धडधाकट माणूस गुडघाभर चिखलात उतरतो. दुसरे काम शाळाप्रवेशाचे. साडेतीन-चार वर्षांचे पोर नव्या कोऱ्या गणवेशात, पायांत मोजे आणि काळे बूट चढवून, बांधावरून डांबरी रस्त्यावर थांबलेल्या गाडीपर्यंत कडेवर नेले जाते. कडेवर अशासाठी, की बुटांना चिखल लागू नये. ज्या चिखलावर त्या घराचे वर्षाचे भात पिकते, तो चिखल त्या मुलाला त्या दिवसापासून वर्ज्य होतो. आणि हा त्याच्या औपचारिक शिक्षणाचा पहिला धडा असतो.

याच तालुक्याचे पूर्वेकडील टोक हिंजवडी, माण, भूगाव या बाजूला आहे. तेथे वीस-वीस मजली इमारती उभ्या आहेत. त्यांच्या आवारात बागा आहेत, घसरगुंड्या आहेत, पडले तरी लागू नये म्हणून रबरी फरशी आहे; परंतु अनेक ठिकाणी त्या बागेच्या खाली जमीन नसून वाहनतळाचे छत असते. तेथील मुलाला माती हवी असेल तर शनिवार-रविवारी मोटारीने तास-दीड तासाचा प्रवास करून पश्चिमेकडच्या एखाद्या कृषिपर्यटन केंद्रावर जावे लागते. तेथे पैसे मोजून खाचरात उतरता येते, चार रोपे लावता येतात आणि छायाचित्र काढता येते. २९ जून हा ‘चिखल-दिन’ म्हणून साजरा करण्याची टूमही २००९ पासून जगात निघाली आहे. वर्षात एक दिवस चिखलाचा. उरलेले दिवस फरशीचे.

एका तालुक्याची ही दोन टोके. ज्यांच्या दारात माती आहे ते ती मुलांच्या हाताला लागू देत नाहीत, आणि ज्यांच्या दारात ती नाही ते तासाच्या हिशेबाने ती विकत घेत आहेत. दोन्हीकडचे मूल मात्र रोजच्या, फुकटच्या, मनसोक्त राड्याला मुकते. (राडा या शब्दाचा मूळचा अर्थ चिखल असा साधा आहे. तो हाणामारीला बहाल केला वर्तमानपत्रांनी. येथे तो जुन्याच अर्थाने घ्यावयाचा.) हे मुकणे किरकोळ आहे, शिक्षणाशी त्याचा संबंध नाही, असा समज सार्वत्रिक आहे. वास्तविक तीन ते सहा या वयात मूल जे काही शिकते त्यातील फार मोठा भाग याच राड्यातून जातो, आणि तो वजा करून जे शिक्षण म्हणून दिले जाते त्याला पायाच राहात नाही.

चिखलात चाललेले काम

मातीपाण्याशी खेळणाऱ्या मुलाकडे पंधरा मिनिटे शांतपणे पाहिले तर तेथे काय चालले आहे ते ध्यानात येते. कोरड्या मातीवर पाणी ओतले की ते नाहीसे होते. आणखी ओतले की माती काळी पडते, हाताला चिकटते, तिचा लाडू वळता येतो. आणखी ओतले की लाडू बसतो आणि माती वाहू लागते. एवढे समजण्यासाठी मुलाला दहा वेळा तांब्या भरून आणावा लागतो, आणि तो ते आनंदाने करते. कोणी सांगितलेले नसताना, बक्षिसाची आशा नसताना तीच कृती थोड्याथोड्या फरकाने पुन्हा पुन्हा करून पाहणे, याला मोठ्या माणसांच्या जगात प्रयोग असे म्हणतात.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली होती. बसक्या भांड्यातले पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद भांड्यात ओतले तर चार-पाच वर्षांचे मूल ठामपणे सांगते की पाणी वाढले. साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास त्याला उमगू लागते की पाणी तेवढेच आहे. ही समज फळ्यावर लिहून देता येत नाही. ती वयाबरोबर येते, आणि वाट्या, डबे, करवंट्या, गाळणी आणि फुटके मग यांतून ओतलेल्या पाण्यातून येते. पुढे तिसरी-चौथीत लिटर आणि मिलिलिटर यांची उदाहरणे करताना काही मुले का अडखळतात, याचे एक कारण ओतण्याचे हे दिवस त्यांच्या आयुष्यात आलेच नाहीत हेही असू शकेल.

भाषेचेही तेच. घट्ट, पातळ, सरबरीत, भुसभुशीत, रवाळ, चिकट, निबर, ओलसर, गचगचीत – मराठीत स्पर्शाच्या शब्दांची केवढी श्रीमंती आहे! यांपैकी एकाही शब्दाचे चित्र तक्त्यावर काढता येत नाही. भुसभुशीत म्हणजे काय हे ज्याच्या बोटांना ठाऊक नाही, त्याला तो शब्द पाठ होईल, परंतु कळणार नाही. आणि मुळशीसारख्या भाताच्या मुलुखात, जेथे राब, तरवा, चिखलणी, आवण हे शब्द अजून रोजच्या बोलण्यात आहेत, तेथील मुलाला ‘एम फॉर मड’ शिकवायचे आणि दारातल्या चिखलाला हात लावू द्यायचा नाही, हा प्रकार विचित्र म्हटला पाहिजे.

हाताचे शरीरशास्त्र तर अधिकच बोलके आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती हाडे नसून कूर्चा असते. वर्षानुवर्षे एकामागून एक ती टणक होत जातात आणि हे काम दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत चालू असते. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन दोन रेघांच्या मध्ये अक्षर बसवावयास लावणे म्हणजे अर्धवट बांधलेल्या पुलावरून मालगाडी नेणे होय. त्या हाताला त्या वयात हवे असते मळणे, थापणे, पिळणे, चिमटीने उचलणे, गोळा दाबून चपटा करणे. जिच्या हातून पीठ मळताना मूल एखादी गोळी ओढून नेते आणि तिचा साप, चेंडू, पोळी करते, ती आई नकळत त्याच्या लेखनाचीच तयारी करून घेत असते.

आणखी एक गुण मातीत आहे, तो बाजारातल्या कोणत्याही खेळण्यात नाही. जोडचित्राचे तुकडे एकाच पद्धतीने जुळतात. न जुळले तर मूल चुकले. मातीचा बैल बैलासारखा झाला नाही तर तो कुत्रा होतो, कुत्रा साधला नाही तर डोंगर होतो, आणि डोंगर कोसळला तर त्याची वाट होते. लाजेचा प्रसंग येतच नाही. शाळेत पाऊल टाकताच ज्या वयापासून मुलाला चूक आणि बरोबर यांचे शिक्के बसू लागतात, त्या वयात अशी एक जागा असणे ही चैन नव्हे.

दिवाळीचा किल्ला

महाराष्ट्राने या सगळ्याचे एक फार सुंदर शास्त्र स्वतःच घडविले होते, हे आता विसरल्यासारखे झाले आहे. दिवाळीच्या सुटीत अंगणात किल्ला करण्याची प्रथा या प्रांतात मुलांनी मुलांसाठी चालविली. दगड-विटा रचावयाच्या, त्यांवर गोणपाट टाकावयाचे, माती भिजवून तिचा रबरबीत काला करून तो वर लिंपावयाचा. कडा ढासळल्या की पुन्हा लिंपावयाच्या. तळे करावयाचे असेल तर त्यातील पाणी मुरू नये म्हणून खाली काय घालावे यावर भांडावयाचे. उतारावर मोहरी नाहीतर हळीव पेरून तिला बेताने पाणी घालावयाचे; जास्त झाले तर बुरूज खचतो, कमी झाले तर उगवत नाही. मग शेवटी महाराज, मावळे आणि का कोण जाणे, एक बंदूकधारी शिपाईही.

या खटाटोपात मोठी मुले स्थापत्य पाहात आणि धाकटी मुले काला करीत. तीन-चार वर्षांच्या पोराला त्या फौजेत हक्काची जागा होती, कारण माती तुडविण्यासाठी वयाची अट नसते. आता पुण्याच्या बाजारात दिवाळीच्या आधी तयार किल्ले मिळतात. रंगविलेले, हलके, कोपऱ्यात ठेवून देता येतील असे. दुसरीकडे किल्ल्यांच्या स्पर्धा वाढल्या, ते चांगलेच. परंतु बक्षीस आले की वडीलमंडळी सिमेंट घेऊन पुढे सरसावतात आणि काला करणारे धाकटे पोर ‘बाजूला हो, खराब करशील’ या आज्ञेने अंगणाबाहेर जाते. ज्या तालुक्याच्या डोंगरांत घनगड आणि कैलासगड उभे आहेत तेथे तरी किल्ला विकत आणण्याची पाळी येऊ नये.

कोसबाडचा धडा

बालशिक्षण म्हणजे महागडी साधने आणि चकचकीत खोल्या, हा समज आजचा नाही. मादाम मॉन्टेसरी यांची पद्धत भारतात आली ती सुबक, मापात घडविलेल्या लाकडी साधनांसह. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक या पद्धतीच्या जाणकार. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. पुढे मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालविले, आणि मग १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे खेड्यातील गरीब मुलांसाठी काम सुरू केले. पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे जन्मलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सोबतीस आल्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले.

तेथे ती लाकडी साधने परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी त्या मुलांना ती परकी होती. ताराबाईंनी दगडगोटे, शिंपले, बिया, पाने, काड्या, माती यांनाच साधने केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव लाभले. आज देशभर सरकारी कागदांत वापरला जाणारा हा शब्द मुळात घराबाहेरच्या सारवलेल्या मोकळ्या जागेचा आहे, खोलीचा नाही.

या इतिहासातील एक गोष्ट विशेष मनावर घेण्याजोगी आहे. त्याच अंगणवाडीत मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हे रोजचे पहिले काम असे. म्हणजे ज्यांनी माती आणि गोटे यांना शिक्षणाचा मान दिला त्यांनीच स्वच्छतेलाही पहिला मान दिला. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही. मळणे आणि धुणे ही एकाच दिवसाची दोन अंगे आहेत. पैकी मळणे काढून टाकले की धुण्याचे नुसते शिस्तीत रूपांतर होते.

आक्षेप आणि त्यांचे वजन

तथापि या मताविरुद्ध जे बोलले जाते ते सगळेच उडवून लावण्याजोगे नाही. आरोग्याचा आक्षेप पहिला. मातीतून जंत होतात, ही भीती खरी आहे. १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतनाशक गोळी देण्याची राष्ट्रीय मोहीम २०१५ पासून चालू आहे, ती उगीच नव्हे. उघड्या गटाराच्या कडेची, कुत्र्यामांजरांनी घाण केलेली, काचा-खिळे पडलेली माती मुलाच्या हाती देणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय. ‘आमच्या वेळी सगळे चालायचे’ असे म्हणणाऱ्यांनी त्या वेळी किती मुले दगावत हेही सांगितले पाहिजे.

पाश्चात्त्य देशांत याच्या उलट चर्चा चालते. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन यांनी असे सुचविले की लहानपणी जंतूंशी फार कमी गाठ पडल्यामुळे गवतज्वरासारखे ॲलर्जीचे विकार वाढत असावेत. २०२० मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातील माती व हिरवळ आणून टाकली; तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या त्वचेवरील उपकारक जंतूंचे वैविध्य अवघ्या २८ दिवसांत वाढले आणि रोगप्रतिकारशक्तीच्या नियमनाशी संबंधित काही खुणाही सुधारल्या, असे त्यांना आढळले. हा प्रयोग ७५ मुलांवरचा, स्वच्छ पाण्याच्या देशातला. तो येथे जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे ठरेल. हिंजवडीच्या विसाव्या मजल्यावरील मुलाला तो अधिक लागू आहे, धरणकाठच्या वाडीतील मुलाला कमी. परंतु माती म्हणजे केवळ रोग, हे समीकरण चुकीचे आहे, एवढे त्यातून निश्चित होते. उपाय अवघड नाहीत: गटारापासून दूरची, चाळलेली आणि उन्हात वाळविलेली माती, रात्री तिच्यावर झाकण, खेळानंतर साबण, कापलेली नखे. आणि मूल माती खातच असेल, तर त्यास रागावण्याऐवजी दवाखान्यात न्यावे. अंगात लोह कमी असल्याचे ते लक्षण असू शकते. बाळकृष्णाने माती खाल्ली तेव्हा यशोदेला विश्वरूप दिसले. इतर आयांनी मुलाचे रक्त तपासून घेणे बरे.

दुसरा आक्षेप धुण्याचा. तो सहसा बोलून दाखविला जात नाही, कारण तो ज्यांचा आहे त्यांना विचारले जात नाही. ताम्हिणीच्या पावसाने प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यात कित्येक वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते. मुलाचा चिखलाने बरबटलेला सदरा म्हणजे त्याच्या आईची आणखी एक खेप. पावसाळ्यात तर पाणी असते, पण कपडा वाळत नाही. बालकाच्या सर्वांगीण विकासावर व्याख्यान देणारा जोवर स्वतः कपडे धूत नाही, तोवर त्याने या आक्षेपापुढे नम्र राहावे हे उत्तम. जुन्या कपड्याचा एक जोड बालवाडीतच ठेवणे, गणवेशाचा आग्रह या वयात सोडणे, हे मार्ग आहेत. तीन वर्षांच्या मुलाला टाय कशासाठी लागतो, याचे उत्तर आजवर कोणत्याही संस्थाचालकाने दिलेले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ‘आमच्या दोन-तीन पिढ्या चिखलात गेल्या. पोराने तरी त्यातून बाहेर पडावे म्हणून पोटाला चिमटा घेऊन फी भरतो; आणि तुम्ही सांगता त्याला चिखलात बसवा!’ मुळशीच्या शेतकऱ्याने असे म्हटले तर त्यात अडाणीपणा नाही. या तालुक्यातील माणसाचे मातीशी असलेले नाते साधे राहिलेलेच नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी सत्याग्रहाला उभा राहिला, आणि तरीही सुपीक खोरे पाण्याखाली गेले. गेल्या तीसेक वर्षांत उरलेल्या जमिनीला गुंठ्याचा भाव आला. ती विकून आलेला पैसा आणि त्यामागून आलेली वाताहत यांची कथा २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने महाराष्ट्रभर पोहोचविली. ज्याच्या हातून माती अशी दोनदा गेली, त्याला मातीचे कौतुक ऐकविणे म्हणजे जखमेवर मीठच. शिवाय मळलेले कपडे म्हणजे कोणती वस्ती, हा हिशेब आपल्या समाजात अजून संपलेला नाही. सुखवस्तू घरचे मूल चिखलात लोळले तर ते खट्याळ ठरते. वाडीवरचे मूल लोळले तर ते घाणेरडे ठरते. गरीब पालक पांढऱ्या मोज्यांवर जीव टाकतो त्याचे कारण हे आहे.

म्हणूनच येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. मातीत राबणे वेगळे आणि मातीशी खेळणे वेगळे. या परिसरातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची मुले दिवसभर मातीतच असतात. धाकट्या भावंडाला सांभाळीत, विटा पालथ्या करीत, कधी गारा तुडवीत. त्या मातीत खेळ नाही. तेथे माती किती घ्यावी, तिचे काय करावे, केव्हा थांबावे, यांपैकी काहीच मुलाच्या हाती नसते. खेळाचा प्राणच हा की तो मुलाच्या मर्जीने चालतो आणि त्यातून काही विकावयाचे नसते. मुळशीच्या शेतकऱ्याला जे नको आहे ते राबणे होय, आणि त्याचे ते नाकारणे रास्त आहे. परंतु राबण्यातून सुटका करण्याच्या भरात मुलाचा खेळही जप्त होतो, आणि त्याच्या जागी येते ती वही. तीन वर्षांच्या मुलाला वहीची पाने भरावयास लावणे हेही राबणेच, फक्त स्वच्छ कपड्यांतले. दोष शोधावयाचा तर त्या पालकाच्या आकांक्षेत नव्हे. ती आकांक्षा पाहून पाने विकणाऱ्यांत तो शोधावा.

वहीची भरलेली पाने

कारण पाने दाखविता येतात. तांब्याने पाणी ओतले हे दाखविता येत नाही. फी भरणारा पालक महिन्याच्या शेवटी विचारतो, काय शिकविले? त्याच्यासमोर ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत गिरविलेली वही ठेवली की उभयपक्षी समाधान होते. बालवर्गाच्या शिक्षिकांना यातील फोलपणा ठाऊक नसतो असे मुळीच नाही. पुष्कळजणींनी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो आणि त्यात माती, वाळू, पाणी यांवर प्रश्न सोडवून गुणही मिळविलेले असतात. वर्गात मात्र संस्थेला पाने हवी असतात, कारण शेजारच्या संस्थेत ती मिळतात. आता या शर्यतीत अंगणवाडीही ओढली जात आहे. मुले खासगी नर्सरीकडे वळू नयेत म्हणून सेविका पाटी-पेन्सिल पुढे करते; शिवाय वजन-उंची, आहार, लसीकरण यांच्या नोंदी आणि २०२१ पासून मोबाईलवरील पोषण ट्रॅकर, यांतून तिच्याकडे जो वेळ उरतो त्यात चिखल कालवून पंचवीस हात धुण्याची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्यायच आहे. मदतनीस हजर नसेल तर ते शक्यच नाही.

कागदावर सरकारने फार पूर्वीच शहाणपण मान्य केले आहे. १९९३ मध्ये यशपाल समितीने बालवर्गांतील औपचारिक लेखन-वाचन-गणिताच्या माऱ्याला मुलांवरील हिंसा मानले आणि प्रवेशासाठीच्या चाचण्या-मुलाखती बंद करण्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा ठरविला आणि ऑक्टोबर २०२२ मधील आराखड्याने खेळ हेच त्या टप्प्याचे माध्यम मानले. २०२३ साली ‘जादुई पिटारा’ नावाची खेळसाहित्याची पेटी आली. पेटी चांगली आहे. तिच्यात खेळणी, कोडी, चित्रे, गोष्टी आहेत. तिच्यातून काहीही सांडत नाही, हा तिचा गुण की उणीव, हे ज्याने त्याने ठरवावे. मात्र २००९ चा शिक्षणहक्क कायदा सक्तीचा आहे तो सहा वर्षांपासून पुढे. सहा वर्षांखालील मुलांसाठी २००२ च्या घटनादुरुस्तीने राज्याने प्रयत्न करावा एवढेच म्हटले आहे. आणि ज्यासाठी केवळ प्रयत्न करावयाचा असतो ते नेमके अर्थसंकल्पाच्या आणि निरीक्षणाच्या शेवटी येते. खासगी नर्सरीचे अंगण कसे असावे, ते असावे की नसावे, हे परिणामकारकपणे पाहणारी यंत्रणा खेड्यात दिसत नाही.

जेथे कोणी पाहात नाही तेथे पेव्हिंग ब्लॉक बसतात. पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यापासून पौडपर्यंत रस्त्याने जाताना बालशाळांच्या रंगीत भिंती नजरेस पडतात. भिंतीवर झाड रंगविलेले असते, त्यावर खार असते, खाली मशरूम असतात. अंगण मात्र ब्लॉकचे किंवा प्लॅस्टिकच्या हिरवळीचे असते. ते झाडावयास सोपे, हे खरे. १८८५ साली अमेरिकेत बोस्टन शहरातील दाट वस्तीत बर्लिनचे उदाहरण पाहून मुलांसाठी वाळूचा ढीग टाकण्यात आला, तेव्हापासून सार्वजनिक क्रीडांगणांची चळवळ तेथे वाढली. त्या शहराला गाड्या भरून वाळू आणावी लागली होती. मुळशीत अशी माती हटवून वर ब्लॉक बसविण्यासाठी खर्च केला जातो.

हा खर्च उलट्या दिशेने फिरविणे ग्रामपंचायतींना अशक्य नाही. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा असा दंडक आहे, आणि तो पैसा पुष्कळदा वर्षअखेरीस घाईघाईने भांडी किंवा खुर्च्या घेण्यात जातो. अंगणवाडीच्या दक्षिणेस दहा बाय आठ फुटांचा चौकोन, त्यावर पावसासाठी पत्रा, विटांची वीतभर कड, चाळलेली माती, रात्री झाकण्यास ताडपत्री, भिंतीला खालच्या उंचीवर दोन नळ, एक साबणाची जाळी आणि जुन्या कपड्यांची पेटी: यासाठी लागणारी रक्कम खुर्च्यांपेक्षा कमीच भरेल. पाणी नसलेल्या वाड्यांवर उन्हाळ्यात ओल्या मातीऐवजी कोरडी वाळू, तूस आणि धान्याचे कोंडे चालतात. तूस तर भातगिरणीतून पोत्याने मिळते. मदतनीसाची रिकामी जागा भरणे हे ग्रामपंचायतीच्या हातात नाही, ते महिला व बालविकास खात्याने करावयाचे काम आहे, आणि त्यावाचून बाकी सगळे अडते. खासगी संस्थांना सक्ती करता येत नसेल, तरी पालकसभेत एखाद्या शिक्षिकेने वहीऐवजी मुलांनी वळलेले पंचवीस बैल टेबलावर मांडून ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही. यातला आपल्या मुलाचा कोणता, हे मुलाला विचारावे लागेल, आणि तो त्या बैलाविषयी बराच वेळ बोलेल.